पेढी आणि पेव : घरच्या संगणकात एसएसडी की हार्ड डिस्क?

दिवाळीच्या वहीपूजनात पूर्वी पाटावर लाल बांधणीच्या कोऱ्या वह्या मांडल्या जात. आता पुष्कळ घरांत त्या पाटाशेजारी संगणकालाही हळदकुंकू लागते; कारण रोजकीर्द, खतावणी, मालसाठा आणि जीएसटीची विवरणे यांचे बिऱ्हाड तिकडे हलले आहे. कागदी वही कशी जपावी हे प्रत्येक व्यापारी घराला ठाऊक होते. तिला ओल लागू देऊ नये, कसर लागू देऊ नये, जुनी दप्तरे फडक्यात बांधून माळ्यावर ठेवावीत, हे कोणी मुद्दाम शिकवावे लागत नसे. संगणकातील वही मात्र नेमकी कशावर लिहिली जाते आणि ती कशाने नासते, याची विचारपूस फारशी होत नाही. नवा संगणक घेताना विक्रेता विचारतो, ‘एसएसडी घालू की हार्ड डिस्क?’ आणि उत्तर बहुधा किमतीकडे पाहून दिले जाते.

सांगली-सातारा भागातील कुटुंबांना हा प्रश्न इतक्या सहजपणे सोडवता येणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ आणि २०२१ मध्येही नदीने ५० फुटांची मर्यादा ओलांडली होती. गणपती पेठ, कापड पेठ, मारुती चौक या जुन्या बाजारपेठेतील दुकानांत पाणी शिरले, तेव्हा पोती आणि कापडाच्या गाठी भिजल्या त्या सर्वांना दिसल्या. टेबलाखाली ठेवलेल्या संगणकाच्या पेटीत काय भिजले, ते मात्र पाणी ओसरून पुढचे विवरणपत्र भरण्याची वेळ आल्यावरच उमगते. म्हणून वेग आणि किंमत यांच्याबरोबर तिसरा प्रश्नही विचारला पाहिजे : लिहिलेले टिकणार कसे?

तबकडी आणि तिचा हात

हार्ड डिस्क हे मुळात फिरते यंत्र आहे. ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. ही तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या या वेगाने फिरते आणि एका छोट्या हाताच्या टोकावरील शीर्ष तिच्या पृष्ठभागावर नोंदी लिहिते व वाचते. शीर्ष तबकडीला टेकत नाही. ते काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, एवढे सांगितले म्हणजे त्या अंतराची कल्पना येते. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा २४ इंची ५० तबकड्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत होती. आज मोबाइलवर काढलेल्या एखाद्या छायाचित्राला तेवढी जागा लागते. यंत्र लहान होत गेले, क्षमता अफाट वाढली, पण मूळ रचना तीच राहिली.

एसएसडी म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह. तिच्यात फिरणारे काहीच नाही. सिलिकॉनच्या सूक्ष्म कोशांत विद्युतभार कोंडून ठेवायचा आणि तो किती आहे यावरून नोंद ओळखायची, हे तिचे तत्त्व. मोबाइलमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये आणि एसएसडीमध्ये वापरली जाणारी ही ‘नँड फ्लॅश’ स्मृती जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडली. आरंभी ती महाग होती. गेल्या १०-१५ वर्षांत ती घरगुती संगणकाच्या आवाक्यात आली.

दोन्हींच्या वेगातील फरक या रचनेतूनच येतो. ७२०० फेऱ्यांची तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. एखादी नोंद वाचायची तर आधी हात योग्य वर्तुळावर न्यायचा आणि मग ती जागा फिरत शीर्षाखाली येईपर्यंत थांबायचे. यात सरासरी १२ ते १५ मिलिसेकंद जातात, म्हणजे विखुरलेल्या नोंदी सेकंदाला ७०-८० च्या आसपासच वाचून होतात. संगणक सुरू होताना, टॅलीत एखाद्या ग्राहकाचे वर्षभराचे खाते उघडताना अशा हजारो बारीक नोंदी ठिकठिकाणाहून गोळा कराव्या लागतात. एसएसडीत हात हलवायचा नाही आणि फेरीची वाट पाहायची नाही. ती हजारो नोंदी एका सेकंदात काढून देते. म्हणूनच संगणक सुरू करून देवदर्शन आटोपून यावे, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असावे, असा जुन्या हार्ड डिस्कचा अनुभव असतो आणि एसएसडी बसवताच तोच संगणक अर्ध्या मिनिटात कामाला लागतो.

सलग मोठी फाइल वाचताना हा फरक कमी होतो. हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते २०० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५५० एमबीपर्यंत, तर नव्या एनव्हीएमई पद्धतीची एसएसडी ३००० एमबीच्या पुढे जाते. मात्र हिशेब, पत्रव्यवहार आणि मुलांचा अभ्यास यांसाठी साटा आणि एनव्हीएमई यांतील तफावत सहसा जाणवतही नाही. जुन्या संगणकात साटाच बसत असेल तर हळहळण्याचे कारण नाही.

पेढीवर काय, पेवात काय

सांगलीकर व्यापाऱ्याला या दोन साधनांची विभागणी समजण्यास दूर जावे लागत नाही. हळदीच्या पेढीवर नमुन्याच्या पुड्या, सौद्याची वही, तराजू, हाताशी लागणारे सारे असते. पण माल तिथे साठवत नाहीत. हरिपूरच्या मातीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे राहत असे. पेवाचे तोंड अरुंद, पोट रुंद, आणि वरून मातीने लिंपून बंद केले की आत हवा नाही, कीड नाही. पेवातील माल चटकन काढता येत नाही. पण तो रोज काढायचाही नसतो. जागा स्वस्त आणि मोठी असावी, एवढीच तेथे अपेक्षा.

संगणकातही हीच विभागणी चालते. विंडोज, टॅली आणि चालू वर्षाचे हिशेब ही पेढीवरची वस्तू. ती एसएसडीवर असावी. मुलांच्या वाढदिवसांची चित्रणे, लग्नाचे आणि पंचकल्याणक महोत्सवाचे तासन्‌तासांचे चित्रीकरण, मागील दहा वर्षांची दप्तरे ही पेवातील वस्तू. तिला हार्ड डिस्क योग्य. दर जीबीच्या हिशेबाने हार्ड डिस्क अजूनही काही पट स्वस्त पडते आणि ८-१० टीबी एवढी मोठी जागा तिच्यातच परवडते. दुकानातील सीसीटीव्ही यंत्रातही हार्ड डिस्कच असते. तेथे रात्रंदिवस सलग लेखन चालते, वेगाची घाई नसते आणि महिन्याभराचे चित्रण मावेल एवढी जागा हवी असते. त्या कामासाठी वेगळ्या बांधणीची हार्ड डिस्क मिळते. घरच्या संगणकातील काढून तिथे लावू नये.

सर्वसाधारण घराला कामकाजासाठी ५०० जीबीची एसएसडी पुरते. दुकानदाराने सुचवले म्हणून थेट दोन टीबीची घ्यावी असे नाही. परिग्रहाला परिमाण घालावे हा उपदेश येथे अगदी व्यावहारिक अर्थानेही लागू पडतो : एकच शुभेच्छाचित्र चाळीस वेळा साठवण्यासाठी वेगवान जागा विकत घेण्यात शहाणपण नाही. मात्र एसएसडी काठोकाठ भरूही नये. तिची निदान दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असली म्हणजे तिचा आतला कारभार सुरळीत चालतो.

सात-आठ वर्षांपूर्वीचा संगणक मंद झाला म्हणून टाकून देण्यापूर्वी त्यात एसएसडी बसवून पाहावी. बहुतेक वेळा मंदपणा प्रोसेसरचा नसून तबकडीचा असतो. एक गोष्ट मात्र आधी तपासावी. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि बऱ्याच जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. एसएसडीने अशा यंत्राला वेग येईल, पण बँकेचे आणि कराचे व्यवहार त्यावर करणे सुरक्षित ठरणार नाही. ते मुलांच्या अभ्यासाकडे किंवा जुने दप्तर पाहण्याकडे वळवावे.

दोघींचे मरण वेगळे

एसएसडीवर ठरावीक वेळाच लिहिता येते, मग ती झिजते, असे ऐकून अनेकजण बिचकतात. गोष्ट खरी, पण हिशेब मांडला की भीती उरत नाही. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीवर एकूण ३०० टीबी लेखनाची हमी असते. घरच्या संगणकावर रोज २० जीबी लिहिले जाते असे धरले, आणि प्रत्यक्षात ते पुष्कळदा याहून कमीच असते, तरी ती मर्यादा गाठायला १५ हजार दिवस, म्हणजे ४१ वर्षे लागतील. एसएसडी सहसा झिजून मरत नाही. तिचा कारभार पाहणारी चिप बिघडते, किंवा लिहिता लिहिता वीज जाऊन आतली अनुक्रमणिकाच विस्कटते. असे झाले की सकाळी चालू असलेली एसएसडी दुपारी संगणकाला दिसतच नाही. पूर्वसूचना बहुधा मिळत नाही आणि आतील नोंदी परत मिळवणे अवघड व खर्चिक असते. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या भागात यूपीएस नसेल तर एसएसडीचे कौतुक अर्धेच आहे.

हार्ड डिस्कची प्रकृती निराळी. ती धक्क्याला भिते. चालू असताना टेबलावरून पडली, तर तरंगणारे शीर्ष तबकडीवर आपटते आणि चरा उमटतो. पण ती अनेकदा सांगून मरते : टकटक आवाज येतो, फाइल उघडायला उगाच वेळ लागतो, अधूनमधून चूक दाखवली जाते. असा आवाज ऐकल्यावर ‘अजून चालते आहे’ म्हणून दिवस काढू नयेत. त्याच तासाला महत्त्वाचे सारे दुसरीकडे उतरवावे.

चुकून पुसलेल्या फाइलींच्या बाबतीतही दोघींत भेद आहे. हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल प्रत्यक्षात काही काळ तशीच पडून असते. फक्त तिची नोंद खोडलेली असते. म्हणून जाणकार ती बऱ्याचदा परत काढू शकतो. एसएसडी मात्र पुढील लेखन वेगाने व्हावे म्हणून पुसलेली जागा लवकरच खरोखर रिकामी करते. दिवाणजींच्या हातून मागच्या वर्षाचे खाते पुसले गेले, तर हार्ड डिस्कवर आशा असते, एसएसडीवर ती फार थोडी.

साठवणीचा भेद त्याहून महत्त्वाचा आहे. एसएसडीतील विद्युतभार कालांतराने गळतो. उद्योगाच्या प्रमाण नियमानुसार घरगुती एसएसडीने लेखनाची हमी संपेपर्यंत वापरल्यानंतरही, वीज न देता, ३० अंश तापमानात एक वर्ष नोंदी धरून ठेवाव्यात अशी अपेक्षा असते. नवी एसएसडी त्याहून कितीतरी अधिक काळ धरते, आणि उष्णता वाढली की हा काळ घटतो. तेव्हा जुन्या वर्षांची दप्तरे एसएसडीवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून ती बँकेच्या लॉकरमध्ये पाच-सात वर्षे विसरून जाणे योग्य नव्हे. चुंबकीय तबकडीवरील नोंद अशा विश्रांतीत अधिक टिकते. तिलाही वर्षातून एकदा जोडून, फिरवून, दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात.

पुरात भिजलेल्या संगणकाबाबत एकच नियम पक्का ध्यानात ठेवावा. ‘चालतो का पाहू’ म्हणून वीज जोडू नये. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असते; त्यातून गाळाचे पाणी आत गेले असेल तर फिरणारी तबकडी आणि शीर्ष क्षणात नासतात. एसएसडीत पाणी आणि वीज एकत्र आली की चिप जळते. भिजलेले साधन उन्हात तापवू नये, घरी उघडू नये. तसेच ते डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे न्यावे. मात्र त्याचा खर्च नव्या संगणकाहून अधिक होऊ शकतो आणि यशाची खात्री नसते.

एक प्रत म्हणजे अर्धी प्रत

येथवर आल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. एसएसडी घ्या वा हार्ड डिस्क, दोन्हींपैकी कोणतीही एकटी विश्वासाला पात्र नाही. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्तपणे ठेवली जाणारी हळद नासली. त्यानंतर व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. पेव वाईट नव्हते, परंतु सारा माल एकाच नदीच्या काठी होता.

ग्रंथरक्षणाच्या इतिहासातही हाच धडा आहे. धवला टीकेच्या प्राचीन ताडपत्र प्रती मूडबिद्रीखेरीज कोठेही उरल्या नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या खटपटीने त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले. पुढे डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून हा ग्रंथ छापून निघू लागला. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने सिद्धान्तग्रंथ ताम्रपत्रांवर कोरले गेले आणि ती ताम्रपत्रे सातारा जिल्ह्यातील फलटण येथे आहेत. ताडपत्र, कागद, तांबे : साधने वेगळी, गावे वेगळी. ग्रंथ आज निर्भय आहे तो कोणत्याही एका साधनाच्या मजबुतीमुळे नव्हे.

घरच्या हिशेबाला एवढे आयुष्य नको; पण कायद्याने ठरवलेले आयुष्य तरी हवेच. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेबाची पुस्तके जपावी लागतात. २०२३-२४ या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाचे दप्तर डिसेंबर २०३० च्या अखेरपर्यंत सांभाळायचे. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना आठ आर्थिक वर्षांचे बंधन आहे. उलट डिस्कची हमी पाहिली तर ती सहसा दोन ते पाच वर्षांची. निर्माता जितकी वर्षे डिस्कची जबाबदारी घेतो, त्याहून अधिक वर्षे व्यापाऱ्याला हिशेबाची जबाबदारी घ्यावी लागते. हे अंतर भरून काढणारी वस्तू बाजारात विकत मिळत नाही; ते अंतर नकलांनीच भरून निघते.

यात एक गैरसमज सर्रास आढळतो. टॅलीचा बॅकअप ‘डी ड्राइव्ह’मध्ये घेतला म्हणजे काम झाले, असे मानले जाते. परंतु ‘सी’ आणि ‘डी’ हे बहुतेक संगणकांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच तिजोरीच्या वरच्या कप्प्यातील दागिना खालच्या कप्प्यात ठेवला, तर तिजोरीच वाहून गेल्यावर दोन्ही कप्पे जातात. तसेच बाहेरची हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवणेही धोक्याचे. खंडणीखोर व्हायरस शिरला तर तो जोडलेल्या साऱ्याच साधनांना कुलूप लावतो, आणि वीज कोसळली तर दोन्ही एकदमच जळतात.

जगभर जाणकार तीन-दोन-एक हा नियम सांगतात : महत्त्वाच्या नोंदींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. सांगलीतील कुटुंबाला हा नियम पाळणे सोपे आहे. पहिली प्रत पेढीवरील संगणकाच्या एसएसडीवर. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती आठवड्यातून एकदा जोडावी, नक्कल घ्यावी आणि काढून वरच्या मजल्यावर ठेवावी. तिसरी प्रत गावाबाहेर. इंटरनेटवरील साठवण वापरत असल्यास त्या प्रतीला पासवर्ड घालावा आणि तो घरातील दोघांना ठाऊक असावा. इंटरनेटवर विश्वास बसत नसेल, तर सोयरिकीचा उपयोग करावा. सांगली आणि सातारा यांत सुमारे सव्वाशे किलोमीटरांचे अंतर आहे आणि दोन्हीकडे नाती नाहीत असे घर विरळा. महाबळेश्वर आणि कोयना खोऱ्यात पाऊस पडतो आणि फुगलेली कृष्णा सांगलीत शिरते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या सातारा शहराला त्या पुराचे भय नाही. सांगलीची प्रत लेकीच्या सासरी साताऱ्यात आणि साताऱ्याची प्रत मामांकडे सांगलीत, वरच्या मजल्यावर, अशी अदलाबदल बिनखर्चाची आहे. डिस्क कुलूपबंद करण्याची सोय विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीतच असते. ती वापरली म्हणजे नात्यात संकोचही उरत नाही.

नक्कल घेतली म्हणजे ती उघडते, असे गृहीत धरू नये. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या संगणकावर ती उघडून एखाद्या ग्राहकाची बाकी जुळते का, ते पाहावे. पाच वर्षे झाली की बाहेरची हार्ड डिस्क चालू असतानाच बदलावी. जुनी डिस्क भंगारात देताना त्यातील ग्राहकांचे भाव आणि बाक्या नीट पुसल्या गेल्याची खात्री करावी.

२००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर जुलै-ऑगस्टमध्ये, चातुर्मासाच्या तोंडाशी किंवा आरंभीच आले. चातुर्मासाची तयारी प्रत्येक घरात होतेच : धान्य निवडून ठेवले जाते, कोठी झाडली जाते, काय टाळायचे आणि काय पाळायचे ते ठरते. त्याच आठवड्यातील एक संध्याकाळ संगणकासाठी राखावी. पेटी जमिनीवर असेल तर उचलून टेबलावर घ्यावी, यूपीएसची बॅटरी तपासावी, मागील वर्षाचे खाते बंद करून त्याच्या दोन नकला घ्याव्यात, आणि त्यांतील एक पुढच्या गाडीने साताऱ्याला धाडावी.